उपासनींचं प्रस्थान

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अरविंद उपासनी बायकोशी भांडायचं असलं तर आधी तालीम करतात. मी थट्टा करत नाही. शनिवारी दुपारी चार वाजता ठरलेल्या त्या तालमीला मी स्वतः हजर होते, तटस्थ निरीक्षक म्हणून. "साठेबाई, कुठल्याही कौटुंबिक सुट्टीत तिसऱ्या दिवशी भांडण होतं," त्यांनी मला आदल्या दिवशी समजावलं होतं. "आमचं महाबळेश्वरला झालं, स्वित्झर्लंडला झालं, म्हणजे ऑक्टोबरात जाणार तिकडेही होणारच. मग एवढ्या लांब जाऊन त्यात दिवस कशाला घालवायचा? इथेच करून बघू. कुठे अडतं ते कळेल."

विषयही त्यांनीच नेमून दिला होता : उन्हाचं क्रीम घरी कोण विसरलं? सुलभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेंगा सोलत सोलत "तुम्हीच विसरलात" म्हणाल्या. उपासनी म्हणाले, "नाही, तू." पाच मिनिटांत क्रीम राहिलं बाजूला आणि गाडी लग्नातल्या आहेरावर गेली. तिथून कोल्हापूरच्या मामांवर, आणि मामांवरून उपासनींच्या घोरण्यावर. मी निरीक्षकपद सोडून हळूच खाली आले. ती तालीम चार दिवस चालली. पाचव्या दिवशी उपासनी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "आल्झो, म्हणजे तर मग, संहितेत थोडे बदल करावे लागतील."

माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. मूळचे पुण्याचे, वय सत्तेचाळीस, अंगाने शिडशिडीत, आणि कपाळावर कायम "काहीतरी राहिलंय" अशी आठी. आमच्या इथे, जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये, विमानं जोडली जातात तिथे ते नोकरीला होते. विमानाला अपघात झाला तर आतली सगळी माणसं नव्वद सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत असा नियम आहे, आणि ती पडतात की नाही याच्या चाचण्या घेणाऱ्या गटात उपासनी काम करत. खोटा अपघात, खोटा अंधार, पगार देऊन आणलेली खोटी माणसं. हे पंधरा वर्षं केल्यावर माणसाला आयुष्यसुद्धा आधी एकदा खोटं करून बघावंसं वाटलं तर नवल नाही. "एकदा तालीम होऊन जाऊ दे" हे वाक्य त्यांच्या तोंडी रामरामासारखं बसलेलं होतं.

व्हिसाच्या कचेरीत जायचं तर सुलभाताईंना टेबलापलीकडे बसवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायला लावून तालीम. सासूबाई पहिल्यांदा कोल्हापूरहून यायच्या होत्या तेव्हा तर विमानतळावर जाऊन तालीम झाली होती. सासूबाईंचं काम मला मिळालं. मला सामानाच्या ढकलगाडीवर बसवून, मांडीवर शाल टाकून, दारापासून गाडीपर्यंत त्यांनी तीनदा ढकलत नेलं. तिसऱ्या खेपेला एका पोलिसाने माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं. प्रत्यक्षात सासूबाई आल्या त्या दोन्ही हातात दोन बॅगा घेऊन, जावयाच्या पुढे चार पावलं चालत.

तर ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. उपासनींनी ऑक्टोबरच्या शालेय सुट्टीत सहकुटुंब बोनेरला जायचं ठरवलं. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट. तिथे म्हणे पाण्यात बुडी मारायला बोटीतून जावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर जागेचं नाव असतं. दगड दिसला की गाडी थांबवायची, पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि किनाऱ्यावरून चालत समुद्रात शिरायचं. दहा पावलांवर प्रवाळ, मासे, कासवं. उपासनींना ही पद्धत फार आवडली. "बोट म्हणजे दुसऱ्याच्या हातात," ते म्हणाले. "किनारा कसा, आपला असतो." रिसॉर्टचं नाव, खोलीचा नकाशा, पिवळ्या दगडांची यादी, मे महिन्यातली भरती-ओहोटी (जाणार ऑक्टोबरात असले तरी) असं सगळं छापून त्यांनी एक जाडजूड फाइल केली.

घरातली माणसं तीन : उपासनी, सुलभाताई आणि सोळा वर्षांची मुक्ता. मुक्ता इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तेही एका शब्दात. बापाच्या बहुतेक उपक्रमांवर तिचा एकच शेरा असे : "पाइनलिश." म्हणजे लाज आणणारं. हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले आणि नंतर मला तो रोज लागू लागला.

तिकिटं काढून झाल्यावर उपासनींनी आनंदाने सासूबाईंना कोल्हापूरला फोन लावला. सासूबाईंनी तारीख ऐकली, पंचांग उघडलं, आणि फोनवर इतका वेळ काहीच आवाज आला नाही की उपासनींना कार्ड संपलं असं वाटलं. निघण्याचा दिवस नेमका सर्वपित्री अमावस्येचा होता.

"अहो जावईबापू, त्या दिवशी माणूस गावच्या वेशीबाहेर जात नाही, तुम्ही समुद्र ओलांडताय?"

उपासनींनी सांगितलं की इथल्या शाळेच्या सुट्ट्या पंचांग बघून देत नाहीत आणि दोन दिवस आधी मुलीला शाळेतून काढलं तर सरकार दंड करतं. सासूबाई बऱ्याच वेळाने विरघळल्या. "मग असं करा," त्या म्हणाल्या, "चांगला दिवस बघून शेजारी प्रस्थान ठेवा. म्हणजे तुम्ही त्या दिवशीच निघालात असं होतं. मग अमावस्येला गेलात तरी बाधत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, एकदा ठेवलं की ते परत घरात आणायचं नाही. तिथूनच निघायचं."

तालमीवर पोट असलेल्या माणसाला याहून गोड बातमी कुणी दिली नसेल. म्हणजे आपल्या पूर्वजांनीसुद्धा प्रवासाची तालीम लिहून ठेवलेली होती तर! उपासनी धावत खाली आले. "साठेबाई, तुमच्याकडे प्रस्थान ठेवू का?"

मी एकटी राहते, तळमजल्यावर, जागा बरी आहे. शिवाय आमच्या आजोळी प्रस्थान ठेवलेलं मी पाहिलं होतं. रुमालात मूठभर तांदूळ, एक सुपारी, फार तर एक उपरणं. मी म्हटलं, "ठेवा की, त्यात काय विचारायचं."

अक्षय्य तृतीयेला, साडेतीन मुहूर्तांतला एक म्हणून, सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात उपासनी, मागे सुलभाताई, त्यांच्या मागे मुक्ता, आणि तिघांच्या हातात मिळून तीन प्रचंड बॅगा. त्यांत पाण्याखाली घालायचे रबरी पोशाख, पायात अडकवायचे लांबलचक पंख, मुखवटे, नळ्या, शिशाची वजनं, औषधांची पेटी, फाइल, तिघांचे पोहण्याचे कपडे आणि थालीपिठाची भाजणी. उपासनींनी बॅगा माझ्या बोळात ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर हळदीकुंकू वाहिलं आणि मला पेढा दिला.

"अहो, पण निघायचंय ऑक्टोबरात," मी म्हटलं. "हा एप्रिल आहे."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे घाई नको."

"माइन गॉट, पाइनलिश," मुक्ता भिंतीकडे बघत, देवाचा धावा केल्यासारखी म्हणाली. सुलभाताई मात्र शांत. "राहू द्या हो," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्याकडे बोळ अरुंद आहे." एवढ्या शांतपणे दुसऱ्याच्या बोळाची विल्हेवाट लावणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

खरी मेख मला पुढच्या शनिवारी कळली. प्रस्थान परत घरात न्यायचं नाही. म्हणजे सामान वर जाणार नाही. म्हणजे सामानाची प्रत्येक तालीम माझ्याकडे होणार. उपासनी सकाळी नाश्ता करून खाली येत, माझ्या न्हाणीघरात जात आणि अर्ध्या तासाने काळा रबरी पोशाख चढवून, लालबुंद होऊन बाहेर येत. तो पोशाख चढवण्यापेक्षा चुडीदार घालून बाळंत होणं सोपं असावं. मग पाठीवर टाकीऐवजी माझा तांदळाचा दहा किलोचा डबा, ओढणीने बांधलेला. मग पायात पंख. पंख घालून पुढे चालता येत नाही, उलटं चालावं लागतं. म्हणून उपासनी उलटे, म्हणजे पाठीमागे पाय टाकत, माझ्या बोळातून जिन्याकडे आणि जिन्यावरून तळघराकडे उतरत. तळघर म्हणजे समुद्र.

एकदा त्याच वेळी शेजारच्या फ्राऊ पेटर्सन पिशवी घेऊन समोरून आल्या. वय ऐंशी. त्यांनी उलटा उतरणारा रबरी माणूस पाहिला, पाठीवरचा तांदळाचा डबा पाहिला, "मॉइन", म्हणजे नमस्कार, म्हणाल्या आणि वर गेल्या. हॅम्बर्गची माणसं याहून जास्त बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जिन्यात सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी लागली : दुपारी एक ते तीन ही विश्रांतीची वेळ असल्याने कृपया त्या वेळात जिन्यात डायव्हिंग करू नये. उपासनींनी ती जपून फाइलला लावली. एक ते तीन सोडून परवानगी आहे, असा त्यांनी तिचा अर्थ लावला होता.

बोनेरचा किनारा खडबडीत, प्रवाळाच्या तुकड्यांचा असतो असं कुठेतरी छापलेलं त्यांना सापडलं. मी ऑफिसातून आले (माझी एक किल्ली एव्हाना त्यांच्याकडेच असे) तर बोळातला गालिचा उंचसखल झालेला. खाली माझे तीन किलो बटाटे अंथरले होते. उपासनी आणि सुलभाताई एकमेकांचे हात धरून त्यावरून डुलत चालले होते. त्या आठवड्यात मी बटाट्याची भाजी, बटाट्याचं भरीत आणि मग नुसताच बटाट्याचा लगदा खाल्ला.

हाताच्या खुणा हे आणखी एक प्रकरण. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की "ठीक आहे." अंगठा वर केला की "वर चला, बुडी संपली." उपासनींनी त्या खुणा इतक्या भिनवून घेतल्या की ऑफिसात त्यांच्या साहेबांनी त्यांच्या कामावर खूश होऊन अंगठा वर केला तेव्हा हे कागद गोळा करून सभेतून उठले आणि घरी आले. साहेबांचा फोन आला तेव्हा कुठे उलगडा झाला. गणपतीत मंडळाच्या जेवणात कुणी "मसालेभात कसा झालाय?" असं विचारून अंगठा दाखवला तरी हे ताटावरून अर्धे उठत.

जूनमध्ये एकदा माझं डोकं फिरलं. बाथरूममध्ये तीन रबरी पोशाख वाळत होते आणि माझा टॉवेल कुठल्यातरी नळीला गुंडाळलेला होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "अहो उपासनी, जगात माणसं सुट्टीला जातात ती वाळूत लोळतात, आइस्क्रीम खातात. तुम्हाला हा पाणबुड्यांचा सोस कुठून लागला? तुम्ही आयुष्यात कधी कंबरेच्या वर पाण्यात गेलायत का?"

ते नळी पुसत होते. पुसतच राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "साठेबाई, पाण्याखाली खोलीला दार नसतं."

मला आधी कळलं नाही.

"मुक्ता शाळेतून येते, खोलीत जाते, दार लावते. कानात ती गाण्याची बोंडं घालते. जेवायला येते, परत दार. मी विचारतो, शाळा कशी होती? 'गूट.' चांगली. संपलं. दोन वर्षांनी अठराची होईल आणि शिकायला दुसऱ्या गावी जाईल. इथली रीतच आहे ती, वाईट नाही. पण पाण्याखाली नियम आहे. जोडीदाराला बडी म्हणतात. बडीला सोडून लांब जायचं नाही. दर थोड्या वेळाने वळून त्याच्याकडे बघायचं, ठीक आहे का विचारायचं, त्याने ठीक आहे म्हणायचं. नियमच आहे. पुस्तकात छापलाय." त्यांनी नळी नीट गुंडाळली. "मी मुक्ताचा बडी आहे. फाइलमध्ये तसं लिहिलंय."

मी तो टॉवेल त्यांना कायमचा देऊन टाकला.

त्यानंतर मीही या प्रकरणात मनापासून पडले. मुक्ता आणि सुलभाताई इथल्या एका क्लबात शिकायला जाऊ लागल्या. आधी पोहण्याच्या तलावात आणि मग शहराबाहेरच्या एका जुन्या खाणीत साठलेल्या, गारठून टाकणाऱ्या तळ्यात. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागायचं. त्याला इथे टाउखटाउगलिशकाइट असा शब्द आहे, तो एका दमात म्हणता आला तर फुप्फुसं चांगली आहेत असं समजायला हरकत नाही. उपासनींनी आधी सुलभाताईंना डॉक्टरकडे नेलं, मग मुक्ताला. स्वतःचा नंबर शेवटी ठेवला, कारण त्या दोघी शिकत असताना काठावर घड्याळ घेऊन कुणीतरी हवं होतं. माझं मी दोन दिवसांत शिकेन, ते म्हणत, सिद्धान्त माझा पक्का आहे.

गंमत म्हणजे मुक्ताला ते आवडलं. तळ्यावरून येताना तिचे ओठ निळे असत, पण जिन्यात ती आईला काहीतरी भराभरा सांगत असे, हातांनी एवढा मोठा मासा दाखवत असे. उपासनी मागून सामान घेऊन येत. सामान माझ्याकडेच यायचं असल्यामुळे ते माझ्या दारात थांबत आणि त्या दोघी बोलत बोलत वर जात. ते जिन्याकडे कान लावून उभे राहत. "पाईक मासा दिसला वाटतं," मला कुजबुजून सांगत.

मधेच सासूबाईंचा फोन आला आणि प्रस्थानाचा विषय निघाला. तीन मोठ्या बॅगा एप्रिलपासून शेजारी आहेत हे ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, सुपारी ठेवायची असते, संसार नव्हे! आणि प्रस्थान तीन-चार दिवसांचं असतं, सहा महिन्यांचं नाही." मग थोड्या वेळाने, "ज्यांच्याकडे ठेवलंय त्या बाई काही बोलत नाहीत?" उपासनी अभिमानाने म्हणाले, "त्यांना सवय झालीय." हे खरं होतं आणि म्हणूनच मला राग आला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपासनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. संध्याकाळी माझी बेल वाजली. ते आत आले, बोळातल्या मधल्या बॅगेवर बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी पाणी दिलं.

"डावा," ते म्हणाले. "भोक आहे."

"कशाला?"

"पडद्याला. लहानपणी कान फुटला होता. आजीने लसूण कढवून तेल सोडलं आणि बरा झाला म्हणून जाहीर केलं. मी आजीच्या शब्दावर चाळीस वर्षं राहिलो. फॉर्मवर कानाचे आजार, पुढे सरळ 'नाइन', म्हणजे नाही, लिहिलं होतं. डॉक्टरने आत दिवा घालून बघितलं आणि मला विचारलं, 'हे नाइन कुणी लिहिलं?'"

पाण्याखाली जायचं नाही. एक हात खोलसुद्धा नाही. ऑपरेशन करता येतं, पण त्यानंतर कान भरून यायला महिने जातात. म्हणजे या वर्षी नाही. सगळ्या जगाची चाचणी घेणारा माणूस, घरातल्या दोघींना तपासून आणणारा, त्याने स्वतःचा कान तेवढा आजीवर सोडला होता. हसू यावं असंच होतं ते, पण मला आलं नाही.

"घरी सांगितलंत?"

"सांगितलं. सुलभा म्हणाली, आपण पुढच्या वर्षी जाऊ. पण पुढच्या वर्षी मुक्ता मैत्रिणींबरोबर जाणार आहे, मी विचारून ठेवलंय. आणि यांचं शिक्षण वाया कशाला घालवायचं? त्या दोघी बडी होतील. मी फाइलमध्ये दुरुस्ती केली."

"आणि मुक्ता काय म्हणाली?"

"ओके म्हणाली."

"नुसतं ओके?"

"नुसतं ओके," उपासनी म्हणाले आणि पाण्याचा पेला माझ्या हातात देऊन वर गेले.

पुढचे पंधरा दिवस कुणी आलं नाही. न्हाणीघर कोरडं, बटाटे टोपलीत. मी शनिवारी आठपर्यंत झोपू शकत होते आणि सहालाच जाग येत होती. बोळातल्या बॅगांवरची धूळ मी पुसत असे. शेवटी एका रविवारी बेल वाजली. उपासनींच्या डोक्यावर गवती टोपी होती, हातात घडीची खुर्ची, आणि नाकाला, गालांना, कानाच्या पाळ्यांना पांढरं क्रीम फासलेलं. बाहेर झिमझिम पाऊस होता.

"साठेबाई, एक छोटीशी तालीम आहे. तुमच्या अंगणात करू का?"

"कसली?"

"वाट बघण्याची."

एक बुडी सुमारे पन्नास मिनिटांची. तेवढा वेळ त्या दोघी पाण्याखाली आणि हे किनाऱ्यावर. आपल्याला हे जमतं का, ते बघायचं होतं. योजना अशी : सुलभाताई आणि मुक्ता वर स्वतःच्या घरात जातील, ते पाण्याखाली. हे माझ्या मागच्या दाराच्या पायरीपाशी बसतील, तो किनारा. पन्नास मिनिटं झाली की त्या खाली, म्हणजे वर, येतील. सुलभाताईंना तेवढ्यात साबुदाणा भिजवायचा होता, त्या "बरं" म्हणाल्या. दोघी जिना चढून समुद्रात गेल्या.

उपासनी खुर्ची मांडून, मांडीवर मोठा टॉवेल घेऊन बसले. घड्याळ चालू केलं. मी छत्री घेऊन पायरीवर.

सहाव्या मिनिटाला ते उठले. "बुडबुडे दिसायला हवेत."

"अहो, वरच्या मजल्यावरून कुठले बुडबुडे येणार?"

"गेनाऊ," ते म्हणाले आणि बसले. अकराव्या मिनिटाला पुन्हा उठले, वर खिडकीकडे पाहिलं, बसले. मग त्यांनी टोपी काढली, झटकली, घातली. एवढा वेळ हात रिकामे ठेवून बसलेले उपासनी मी कधी पाहिले नव्हते. ते त्यांना मुळीच येत नव्हतं.

"आमच्या चाचणीत काय असतं," ते एकदम म्हणाले, "दार उघडायचं, घसरगुंडी फुगवायची, माणसं खाली उतरवायची. शेवटचा माणूस जमिनीला लागला की घड्याळ बंद. आमचं काम संपलं. बाहेर पडलेली माणसं पुढे कुठे जातात, ते आमच्या खात्यात येत नाही. पंधरा वर्षांत मी कधी मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"मला पाण्याची काळजी नाही हो. सुलभा पक्की आहे, मुक्ता तर मासाच झालीय. त्या नीट वर येणार. त्या खाली मजेत असतील आणि पन्नास मिनिटांत एकदाही माझी आठवण होणार नाही, त्याची भीती वाटते. आणि तसंच व्हायला हवं, हेही कळतं मला. त्याची तालीम कशी करायची ते कळत नाही."

त्यांच्या गालावरचं क्रीम पावसाने ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं. मला या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिले. तेवीस मिनिटं झाली. सत्तावीस झाली.

बत्तिसाव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली. माझ्या बोळातून, बॅगांच्या कडेने, मुक्ता मागच्या दारात आली.

उपासनींनी घड्याळ पाहिलं. "अजून अठरा मिनिटं आहेत! आई कुठेय?"

"मामा इस्ट नोख उंटन," मुक्ता म्हणाली. आई अजून खालीच आहे. आणि तिने बोटाने वरच्या मजल्याकडे दाखवलं.

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिथे थट्टा नव्हती.

"बडीला खाली सोडून वर आलीस?" उपासनी खरोखरच रागावले. "पुस्तकात काय लिहिलंय?"

"लुफ्ट इस्ट आले," ती म्हणाली. हवा संपली.

एवढं बोलून ती खुर्चीजवळच्या ओल्या पायरीवर बसली. नियमाप्रमाणे हवा संपली तर वर यावंच लागतं, त्यात चूक काढायला जागा नव्हती. उपासनींनी मांडीवरचा टॉवेल उलगडला आणि अर्धा तिच्या खांद्यांवर टाकला. तिने तो काढला नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुढचं चक्क मराठीत, एक एक शब्द शोधत, "तू तिथे एकटा पन्नास मिनिटं काय करणार?"

"बघणार. तुम्ही कुठून वर येताय ते."

"आणि आम्ही नाही दिसलो तर?"

"मग परत बघणार."

मुक्ता पायरीवरून खुर्चीच्या बाजूला सरकली. "मासे दाखवते," ती म्हणाली. "तळ्यातले. तुला नावं माहीत नाहीत ना?" आणि हातांनी काहीतरी लांबट, मिशा असलेलं करून दाखवू लागली. उपासनींना त्यातली निम्मी नावं पाठ होती, फाइलमध्ये यादी होती. त्यांनी मान हलवून, "नाही, माहीत नाहीत," असं सांगितलं.

मी छत्री तिथेच ठेवली आणि चहा टाकते म्हणून आत आले. बरोबर पन्नासाव्या मिनिटाला सुलभाताई पदराला हात पुसत खाली आल्या. मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच धरलं आणि बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. माझा चहा पाच मिनिटांत होतो. त्या दिवशी मी त्याला पाऊण तास लावला. दोनदा उकळून तो कडू झाला होता, तोच आम्ही दोघींनी बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने, न बोलता प्यायला.